नऊपैकी चार

आमच्या भाऊजींना "कसे आहात?" असं विचारलेलं चालत नाही. प्रश्न फार ढोबळ आहे म्हणतात. कसे म्हणजे काय? झोपेच्या बाबतीत की भुकेच्या? सकाळी की संध्याकाळी? आणि कधीपासून? मागे मंडळाच्या गणपतीत कुणाच्या तरी नव्या जावयानं, बिचाऱ्यानं, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "काका, कसे आहात?" भाऊजींनी त्याला दंडाला धरून खुर्चीवर बसवलं आणि आरती सुरू होईपर्यंत उलट त्यालाच विचारत राहिले. रात्री डोळा कधी लागतो, मधे जाग येते का, पूर्वी ज्या गोष्टीत मन रमायचं त्यात आता रमतं का. जावई घाबरून म्हणाला, "काका, आठ दिवस ऑफिसचं जरा टेन्शन आहे, एवढंच." भाऊजी लगेच उठले.

"आठच दिवस? मग काही नाही. दोन आठवडे झाले की ये."

"दोन आठवडे झाले का?" हे आमच्या भाऊजींचं वाक्य. झाशीत आता मराठी घरं उरली आहेत मोजकी, आणि त्यातल्या प्रत्येक घरानं हे वाक्य एकदा तरी ऐकलेलं आहे. दूधवाल्यानं ऐकलंय, इस्त्रीवाल्यानं ऐकलंय. मी तर इतक्या वेळा ऐकलंय की मला खोकला झाला तरी मी मनातल्या मनात दिवस मोजते.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, दत्तात्रय. झाशीतच, रेल्वेकडच्या नगरा वस्तीत राहतात. तिथले लोक त्यांना तोंडावर 'दत्ता बाबू' आणि पाठीमागे 'डाक्टर साब' म्हणतात. ते डॉक्टर नाहीत. रेल्वेत होते, गाडी तपासणारे. त्या कामाला टीएक्सआर म्हणतात. गाडी प्लॅटफॉर्मला लागली की हे हातोडी आणि बॅटरी घेऊन खाली उतरायचे आणि डब्याडब्याखाली वाकून चाकं, स्प्रिंगा, ब्रेक बघत जायचे. चाकावर हातोडीचा ठोका मारायचा आणि कान लावायचा. चाक धड असेल तर घंटेसारखं वाजतं, तडा असेल तर बद्द. डब्यात दोष निघाला की त्याच्यावर लेबल लावायचं, 'सिक'. आजारी. रेल्वेत डब्यालाही आजारीच म्हणतात. सदतीस वर्षं त्यांनी हे काम केलं, आणि झाशीत गाड्या काय कमी येतात? रिटायर झाले त्या दिवशी हार घालून घरी आणलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभे राहून हे शून्यात बघायला लागले. तपासायला काही नाही.

मग कुठूनशी जाहिरात वाचली आणि पत्रद्वारा परामर्शाचा कोर्स घेतला. म्हणजे लोकांची मनं ऐकून घेऊन सल्ला द्यायचा. हिंदीतली जाडजूड पुस्तकं आली. अवसाद, दुश्चिंता, मनोग्रस्ति, असे एकेक शब्द. भाऊजींना त्यात काय सापडलं म्हणाल, तर यादी सापडली. प्रत्येक आजाराची लक्षणांची यादी असते आणि त्यातली अमुक इतकी जुळली तर आजार, नाहीतर नाही. उदासीच्या आजाराची, म्हणजे त्या अवसादाची, नऊ लक्षणं. नऊपैकी पाच पाहिजेत, दोन आठवडे पाहिजेत, आणि रोजचं काम अडलं पाहिजे. "काम अडत नसेल, वहिनी, तर तो आजार नाही. तो स्वभाव." हे ऐकून त्यांच्या मागे उभी असलेली कुसुम म्हणाली होती, "मग ह्यांचा स्वभावच म्हणायचा. काम माझं अडतं."

कुसुम म्हणजे माझी धाकटी जाऊ, भाऊजींची बायको. भाऊजींबद्दल लिहायला बसले आहे खरी, पण कुसुमशिवाय त्यांच्याबद्दल लिहिता येत नाही. आणि कुसुमबद्दल लिहायचं म्हटलं की हात जड होतो. गेल्या वैशाखापासून ती हळूहळू गप्प होत गेली. दोघांना मूलबाळ नाही. तीन खोल्यांत दोघंच. दर मंगळवारी ऑटोनं ओरछा गेटला माझ्याकडे यायची, मटार सोलता सोलता सगळ्या झाशीची टवाळी करायची. ती यायची बंद झाली. मग मी जायला लागले. त्र्याहत्तराव्या वर्षी, हे असे गुडघे घेऊन, ऑटोत चढायचं म्हणजे मला आधी अर्धा दिवस मनाची तयारी करावी लागते. गेलं की ती खिडकीशी बसलेली. केस तसेच. मी बोलायचं, तिनं "हं" म्हणायचं. परत येताना मी अशी दमून यायचे, जणू दोन हंडे पाणी भरून आणलंय.

आणि झाशीभर सगळ्यांची झोप मोजणारा तिचा नवरा काय म्हणायचा? "ऊन फार आहे हो वहिनी. दमलीये." पावसाळ्यात म्हणाले, उमस आहे. दिवाळी झाली, म्हणाले, दगदग. त्या दिवाळीत त्या घरात एक करंजी तळली गेली नव्हती. दगदग कसली?

पण मी पुढे पळाले. आधी भाऊजी काय करामती करत ते सांगते, म्हणजे तुम्हाला माझी चीड कळेल.

त्यांच्या पुस्तकात उपचारांच्या निरनिराळ्या पद्धती होत्या. शहाण्या माणसानं एक धरली असती. भाऊजींनी सगळ्या धरल्या, एकेक महिना एकेक. पहिला महिना बालपणाचा. माणसाच्या दुखण्याचं मूळ लहानपणात असतं, ते खणून काढायचं. सत्यनारायण सांगायला आमचे गुरुजी आले, सत्तरीचे गृहस्थ, त्यांना भाऊजींनी सहज विचारलं, "तुमची आई तुम्हाला जवळ घ्यायची का?" गुरुजी पाटावर बसून तासभर रडले. आम्ही सगळे उपाशी. कथा झाली तेव्हा शिऱ्याचं पार लाकूड झालं होतं.

पुढच्या महिन्यात नुसतं ऐकायची पद्धत. समोरच्याला सल्ला द्यायचा नाही, तो जे बोलला तेच त्याला शांतपणे परत ऐकवायचं, म्हणजे म्हणे त्याचं त्यालाच उमगतं. मी विचारलं, "भाऊजी, चहा टाकू?"

"तुम्हाला वाटतंय की मी चहा घ्यावा."

"घेणार की नाही?"

"माझ्या उत्तराची तुम्हाला वाट पाहावी लागतेय."

"आता नाहीच टाकत."

"तुम्हाला राग आलाय."

कुसुम आतून ओरडली, "अक्का, ह्यांना घेऊन जा तुमच्याकडे महिनाभर! माझ्या घरात विहीर बोलायला लागलीये!" आणि अशी हसली, अशी हसली, की शेजारच्या तिवारीणबाई बघायला आल्या. तेव्हा ती हसत होती.

ह्या तिवारीणबाई पुढे सापडल्याच. त्यांना पालीची भीती. स्वयंपाकघरात पाल दिसली की त्या दिवशी तिवारीजी बाहेरून समोसे आणत. भाऊजी म्हणाले, ह्यावर अगदी सोपी पद्धत आहे, पायरीपायरीनं जायचं. पहिल्या दिवशी पालीचं चित्र बघायचं. मग हातात धरायचं. मग रबराची पाल लांब ठेवायची, रोज वीतभर जवळ आणायची. रबराची पाल ह्यांनी सदर बाजारातून स्वतः निवडून आणली. दुकानदारानं विचारलं, "कितने साल का बच्चा है?" भाऊजी म्हणाले, "अट्ठावन." बारा दिवसांत बाई रबराची पाल उचलून शेल्फावरून ओट्यावर ठेवायला लागल्या. तेराव्या दिवशी ओट्यावर पाल दिसली, बाईंनी ऐटीत उचलली. ती रबराची नव्हती. शेपूट हातात राहिलं आणि बाकीची पाल पदरावर. तिवारीणबाई त्याच संध्याकाळी लेकीकडे कानपूरला गेल्या आणि महिनाभर आल्या नाहीत. भाऊजींना विचारलं तर म्हणाले, "पण उचलली ना? आपण होऊन उचलली. ह्याला यश म्हणतात."

आणि आमचा दूधवाला. तो एक दिवस दारात बसून सांगायला लागला की भूक नाही, झोप नाही, एकीकडे बघत उभं राहायचं, हाक मारली तरी वळायचं नाही. भाऊजींनी खिशातली पेन्सिल काढली, कार्ड काढलं. त्यांच्याकडे जुन्या बुटांच्या खोक्यात सगळ्यांची कार्डं असत. खुणा करत गेले. सहा झाल्या. चेहरा गंभीर करून म्हणाले, "देखो, घबराना नहीं. इसका इलाज है. दो हफ्ते हो गए?"

"हओ बाबूजी, दो हफ्ता तो हो गए."

"घर में किसी को बताया?"

"घर में तो सबई जानत हैं. भैंस तो आंगनई में बंधी है."

सहा लक्षणं म्हशीची होती. कुसुमनं त्या म्हशीची चौकशी पुढे कित्येक दिवस केली. भाऊजी जेवायला बसले की विचारायची, "तुमच्या पेशंटनं आज वैरण खाल्ली का हो?"

हसण्यावारी नेते आहे, पण सगळंच हसण्यासारखं नव्हतं, तेही सांगायला हवं. चार वर्षांपूर्वी आमचे हे गेले. तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि चौदाव्या दिवशी भाऊजी आले. मला वाटलं, आता हा माणूस माझी झोप मोजणार. ते येऊन समोर बसले. मग म्हणाले, "वहिनी, तुमचं कार्ड मी करणार नाही. माणूस गेल्यावर जे होतं त्याला आजार म्हणायची घाई करू नये, असं एका पुस्तकात आहे. दुसऱ्यात तसं नाही. मी पहिलं पुस्तक धरलंय." आणि उठून, नळ गळत होता त्याचा वॉशर बदलून गेले.

माझी सून पुण्यात असते. तिला मी आवडत नाही अशी माझी खात्री होती. तेव्हा भाऊजींचा वहीचा महिना चालू होता. मनात येईल तो विचार लिहायचा, शेजारी त्याच्या बाजूचा पुरावा, त्याच्या शेजारी विरुद्धचा. बाजूचा पुरावा मी तीन पानं लिहिला. मला लिहायची हौस आहेच, शाळा सातवीला सुटली तरी. विरुद्ध बाजूला एकच ओळ लिहिली, की गुडघ्याच्या गोळ्या दर महिन्याला न चुकता पाठवते, न मागता. भाऊजींनी तीन पानं वाचलीच नाहीत. त्या एका ओळीवर बोट ठेवून बसले.  त्या रात्री मला चांगली झोप लागली, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर कार्डावर लिहिलं असतं.

म्हणून तर चीड यायची. ज्या माणसाला हे सगळं कळतं, त्याला आपल्या खिडकीशी बसलेली बायको कळू नये?

थंडी आली तेव्हा मी विचारलं, "भाऊजी, कुसुमचं काही बघताय की नाही?" म्हणाले, "बघतोय. लक्ष आहे." थंडी गेली. होळीला मी पुरणपोळ्या घेऊन गेले. कुसुमनं एक तुकडा मोडला, तोंडात धरला, आणि गिळायचं विसरली. खरंच सांगते, विसरली. मी "कुसुम, गीळ ग" म्हटलं तेव्हा तिनं गिळला. मी परत आले आणि ऑटोवाल्याला पत्ता सांगायला तोंड उघडेना. तो म्हणाला, "अम्मा, तबियत ठीक है?" मी म्हटलं, "थक गए हैं भैया." दुसरं काय सांगणार? मी नुसती बघून थकत होते. ती तर आत होती.

पुढच्या मंगळवारी सकाळीच गेले. भाऊजी गल्लीत कुणाला तरी श्वास मोजायला शिकवत उभे होते. मी आत जाऊन कुसुमचे केस विंचरायला घेतले. गुंता इतका की एकेक बट सोडवावी लागत होती. दुखलं असणार, पण ती हूं की चूं करेना. बऱ्याच वेळानं, माझ्याकडे पाठ करूनच, ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "अक्का, सकाळी डोळे उघडतात ना, की मला वाईट वाटतं. उघडले म्हणून."

मी फणी तशीच धरून बसले.  मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, वेणी घातली, तिला आडवी केली, चादर घातली. आणि बाहेरच्या खोलीत येऊन भाऊजींना हाक मारली. ते आले, बसले, सवयीनं कार्डाचं खोकं जवळ ओढलं.

मी म्हटलं, "पेन्सिल खाली ठेवा. आज मी मोजणार."

"काय मोजणार?"

"मला पाठ आहेत तुमची नऊ. मन उदास?"

"कुणाचं?"

"भाऊजी."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, "हो. धरा ते."

"कशात रस नाही?"

"नाही. म्हणजे हो, धरा."

"झोप?"

"पहाटे जाग येते. मी बघतो तेव्हा डोळे उघडेच असतात."

"तीन. थकवा?"

"चार," भाऊजी घाईनं म्हणाले. "चार होतात, वहिनी. मी केलंय ते. पाचवं नाही."

"भूक?"

"जेवते."

"किती?"

"अर्धी पोळी."

"अर्धी पोळी म्हणजे जेवते?"

"उपाशी नाही ना राहत!"

दुसऱ्या कुणाच्या घरी हेच ऐकलं असतं तर ह्या माणसानं पुस्तक काढून दाखवलं असतं. मी हात पुढे केला. त्यांनी खोक्याच्या तळातून एक कार्ड काढून दिलं. वर नाव नव्हतं. दर पंधरा दिवसांची तारीख आणि पुढे पेन्सिलीनं आकडा. चार. चार. चार. चार. कार्ड भरलं म्हणून मागच्या बाजूलाही चार. काही ठिकाणी खोडरबरानं कागद विरला होता. खाली आधी दुसरा आकडा होता, तो खोडून चार केला होता.

"हे काय आहे भाऊजी?"

त्यांनी खोक्याचं झाकण लावलं. बाहेर भाजीवाला हाका देत गेला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, सिकचं लेबल लावलं की डबा कापतात. गाडीतून सोडवतात. गाडी पुढे निघून जाते आणि तो डबा एकटा बाजूच्या लाइनीवर उभा. मी असे किती डबे कापायला लावले असतील. लावायचो आणि दुसऱ्या गाडीकडे वळायचो. मागे वळून बघितलं की तो तिथं, सगळ्या गाड्या जाताहेत आणि तो उभा." त्यांनी चष्मा काढला. "तिच्यावर माझ्या हातानं लेबल नाही लावता येत मला."

"अहो, पण दुरुस्त करायलाच कापतात ना?"

"हो. पण मी कधी तिथं गेलोच नाही. माझं काम लेबलापर्यंत. पुढे काय करतात, किती दिवस लागतात, सगळे परत येतात का, मला काय माहीत?"

मला त्या माणसाचा राग यायला हवा होता. आला नाही. थकव्यात रागसुद्धा वर चढत नाही. मी म्हटलं, "भाऊजी, तिचा डबा कापला तर गाडी जाणार कुठं? तिच्याशिवाय त्या गाडीत आहे कोण?"

त्यांनी मान वर केली.

मग सकाळी ती जे बोलली ते मी सांगितलं. शब्दाला शब्द. नऊच्या यादीत ते कितवं, ते त्यांनाच माहीत. त्यांनी आकडा उच्चारला नाही. उठले, आतल्या खोलीत जाऊन कुसुमच्या पलंगाशी थोडा वेळ उभे राहिले, आणि बाहेर येऊन बूट घालायला लागले. नाडी बांधता येईना म्हणून तशीच खोचली.

सदर बाजारात एक मनाच्या डॉक्टरबाई बसतात, तरुण आहेत, चाळिशीच्या आत. त्याच दिवशी दुपारी आम्ही तिघं गेलो. भाऊजींनी दोन्ही पुस्तकं पिशवीत घेतली होती. बाईंनी आधी कुसुमशी एकटीशी बोलून घेतलं, मग भाऊजींना आत बोलावलं. मला आधाराला म्हणून त्यांनी ओढून नेलं. भाऊजींनी कार्ड टेबलावर ठेवलं, पुस्तकं ठेवली, आणि घसा साफ केला. मला वाटलं, आता ह्यांची शिकवणी सुरू.

डॉक्टरबाईंनी कार्ड बाजूला सरकवलं आणि विचारलं, "ये बताइए, पहले कैसी थीं?"

"जी?"

"बीमारी से पहले. घर में कैसी थीं?"

भाऊजींनी कार्डाकडे बघितलं. ह्या प्रश्नाची यादी त्यांच्या पुस्तकात नव्हती. मग हळूहळू सांगायला लागले. झोपेत हसायची म्हणाले. काय झालं विचारलं तर सकाळी आठवायचं नाही. रेडिओवरच्या बातम्यांशी भांडायची. कढी करायची तेव्हा चव दाखवायला तळहातावर वाटी घेऊन यायची, ह्यांच्या कागदांवर सांडायची. लग्न होऊन आली तेव्हा यार्डातल्या इंजिनाच्या शिट्टीला घाबरायची, आणि मग पुढे शिट्टीवरून सांगायची की ड्रायव्हर आज चिडलाय. त्यांची नक्कल करायची, म्हणाले, अशी की ते खोलीत असताना लोक तिच्याकडेच बघून त्यांना नमस्कार करायचे. एक गोष्ट झाली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी. बाई थांबवत नव्हत्या. अवसाद, लक्षण, पद्धत, असला एक शब्द त्या पाऊण तासात भाऊजींच्या तोंडून आला नाही. इतक्या वर्षांत मी त्यांना आपल्या बायकोबद्दल एवढं बोलताना पाहिलेलं नव्हतं.

शेवटी बाईंनी विचारलं, "और ये सब कब से बंद है?"

"ग्यारह महीने," भाऊजी म्हणाले, आणि टेबलावरची पुस्तकं उचलून मांडीवर घेतली.

औषधं सुरू झाली. गोळ्या लगेच लागू होत नाहीत, काही आठवडे धीर धरा, आणि मधल्या काळात घरात एकटं सोडू नका, असं बाईंनी बजावलं. म्हणून मी कपड्यांची पिशवी घेऊन नगऱ्यात राहायलाच गेले. दर गुरुवारी कुसुमनं त्यांच्याशी येऊन बोलायचं, एकटीनं. भाऊजींनी निघता निघता विचारलंच, "आप कौन-सी पद्धति से करेंगी?" बाई म्हणाल्या, "जो इनको ठीक लगे."

आता कुसुम बरी झाली का, म्हणाल तर मला सांगता येणार नाही. अजून खिडकीशी बसते. एखाद्या दिवशी आंघोळ करून आपण होऊन केस विंचरते, एखाद्या दिवशी परत ते "हं". बाई म्हणतात, असंच वरखाली होत जाणार. मी फार काही अपेक्षा ठेवत नाही, ह्या वयात अपेक्षेचंही ओझं होतं. पोळी पाऊण झाली आहे, एवढं बघितलंय.

गुरुवारी मात्र मला त्यांच्याबरोबर जावंच लागतं. भाऊजींना बाहेरच्या बाकावर एकट्याला बसवत नाही. "वहिनी, तुम्ही चला, नुसतं बसायला," म्हणतात. बाकावर आणखीही लोक असतात. कुणाची मुलगी आत असते, कुणाचा भाऊ. एखादा हातवारे करत असतो, एखादी बाई रडत असते. पूर्वी भाऊजींनी एव्हाना सगळ्यांची झोप विचारून टाकली असती. आता मांडीवर कुसुमची पर्स घेऊन समोरच्या बंद दाराकडे बघत बसतात.

गेल्या गुरुवारी त्यांनी मला हळूच विचारलं, "वहिनी, घरी गेल्यावर मी तिच्याशी बोलू काय? सुरुवात कुठून करायची असते?"

साऱ्या झाशीला कसं बोलावं ते शिकवणारा माणूस. मला हसू आलं आणि डोळे भरले, दोन्ही एकदम. मी म्हटलं, "विचारा, भाजी कोणती करू. आणि मग खरंच करा."

"मला फक्त बटाट्याची येते."

"मग बटाट्याचीच कोणती करू, ते विचारा."

तेवढ्यात दार उघडलं. कुसुम बाहेर आली. डोळे सुजलेले, पदर ओला. भाऊजी उठले. काय झालं, काय बोललीस, काही विचारलं नाही. तिच्या शेजारून चालायला लागले. मी गुडघे सांभाळत मागून. सदर बाजारात संध्याकाळची गर्दी होती, सायकली, स्कूटर, फौजी कुटुंबांची खरेदी. पुढे भाऊजी ताठ चाललेले, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि खांद्याला बायकोची लाल मण्यांची पर्स लटकतेय. दोन पोरी बघून हसल्या. एक ओळखीचे गृहस्थ स्कूटरवरून वळून बघत गेले.

कुसुम थांबली. पर्सकडे बघितलं. कितीतरी महिन्यांनी तिच्या कपाळावर ती जुनी आठी दिसली.

"अहो, ती इकडे द्या," ती म्हणाली. "लोक बघताहेत."

"बघू दे," भाऊजी म्हणाले, आणि पट्टा खांद्यावर नीट चढवून त्यांनी ऑटोला हात केला.